किशोरवयीन मुलांसाठी रानातला उपक्रम: आखणी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

१३ ते १७ वर्षांच्या मुलांना डोंगरात, जंगलात किंवा नदीकाठी नेऊन त्यांच्यात धीटपणा आणि जबाबदारीची जाण यावी, या इच्छेने उपक्रम आखणारे पालक, शिक्षक आणि गटप्रमुख वारंवार एकच चूक करतात: वाट अवघड निवडतात आणि बाकीचे सगळे स्वतःच करून टाकतात. मार्ग त्यांनी ठरवलेला असतो, सामान त्यांनी भरलेले असते, तंबूच्या दोऱ्या त्यांनीच ताणलेल्या असतात आणि मुलगा दिवसभर पुढच्याच्या टाचांकडे पाहत चालत राहतो. संध्याकाळी तो थकलेला असतो, म्हणून काहीतरी साधले असे सर्वांना वाटते. पण नुसत्या थकव्याने कोणी घडत नाही. ज्याचा परिणाम स्वतःला सोसावा लागणार आहे असा निर्णय घेणे, तो चुकला तर निस्तरणे आणि पुढच्या वेळी अधिक विचाराने घेणे, यातून मुलगा वाढतो. त्यासाठी वाट फार अवघड असावी लागत नाही.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट असते. पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही, या समजुतीने काही जण तयारी नसलेल्या मुलाला थेट मोठ्या संकटासमोर उभे करतात आणि त्याच्या भीतीची टर उडवतात. अशा मुलाला रान नकोसे होतेच, शिवाय तो मदत मागणेही बंद करतो, आणि त्रास लपवणारा मुलगा संपूर्ण गटाला अडचणीत आणू शकतो. पुढील टप्पे या दोन्ही चुका टाळण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम पाळावा. पहिले तीन टप्पे गाळून थेट सामानाच्या यादीकडे वळण्याचा मोह अनेकांना होतो.

टप्पा १: मुलाकडे काय सोपवायचे ते ठरवणे

‘मुलगा कणखर व्हावा’ हा उद्देश आखणीला उपयोगी पडत नाही, कारण तो साधला की नाही हे ओळखायचे कसे, ते कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी एक साधे वाक्य कागदावर लिहावे: या उपक्रमात अमुक गोष्ट हा मुलगा प्रौढाच्या मदतीवाचून करील. नकाशा वाचून दोन किलोमीटरची वाट तो गटाला दाखवील; संध्याकाळचे जेवण तो आणि त्याचा जोडीदार अंधार पडण्यापूर्वी तयार करतील; किंवा सर्वांत मागे राहणाऱ्या मुलाला न हिणवता तो मुक्कामापर्यंत सोबत आणील. प्रत्येक मुलामागे असे एक वाक्य पुरे. तीन-चार उद्देश लिहिले की प्रत्यक्षात एकाकडेही लक्ष राहत नाही.

हे वाक्य मुलाशी बोलून ठरवावे आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याची खरी मोकळीक असावी. ‘आव्हान कोणते आणि किती’ हे निवडण्यात ज्याचा वाटा असतो तो मुलगा अडचण आली की उपाय शोधतो. ज्याला जबरदस्तीने आणलेले असते तो अडचण आली की आणणाऱ्याकडे बोट दाखवतो. शिक्षा म्हणून, मोबाईल सुटावा म्हणून किंवा ‘जरा सुतासारखा सरळ व्हावा’ म्हणून मुलाला अशा उपक्रमाला पाठवणे हे माझ्या मते सर्वांत वाईट प्रयोजन आहे. मुलाला ते पहिल्या तासातच कळते.

टप्पा २: मुलाची आजची स्थिती पाहणे

या वयात जन्मतारखेवरून शरीराचा अंदाज येत नाही. मुलग्यांची उंची सर्वांत वेगाने साधारणपणे १३ ते १४ व्या वर्षी वाढते, पण हा काळ कोणाच्या बाबतीत बराच आधी तर कोणाच्या बाबतीत बराच नंतर येतो. त्यामुळे एकाच वर्गातली दोन मुले ताकदीच्या दृष्टीने अनेक वर्षांच्या अंतरावर असू शकतात. झपाट्याने उंच झालेला मुलगा मोठा दिसतो, म्हणून त्याच्या पाठीवर जास्त ओझे दिले जाते, आणि नेमका त्याच काळात त्याचा तोल आणि हालचालींवरचा ताबा तात्पुरता बिघडलेला असू शकतो. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे दुखत असल्याचे तो सांगत असेल तर ते कारण म्हणून झटकून टाकू नये. वाढत्या हाडावर जिथे स्नायूबंध जोडलेला असतो तिथे ताण येऊन असे दुखणे या वयात बऱ्याच वेळा उद्भवते. लांबलचक उताराने ते बळावते.

पालकांकडून पुढील माहिती लेखी घ्यावी: दमा, फिट येणे, मधुमेह, हृदयाचा त्रास, पूर्वीची दुखापत, कशाची ॲलर्जी आहे, कोणते औषध कोणत्या वेळी घ्यावे लागते, आणि तातडीच्या वेळी कोणाला कळवायचे. पोहता येते का, हा प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ असा विचारू नये, कारण या वयातली बहुतेक मुले ‘हो’ म्हणतात. कपड्यांसकट खोल पाण्यात किती वेळ तरंगता येते, असे विचारले की खरे उत्तर मिळते. उंचीची, अंधाराची किंवा घराबाहेर झोपण्याची भीती असल्यास ती गटासमोर न काढता मुलाशी एकट्याने बोलून समजून घ्यावी. हे बोलणे मात्र इतरांच्या नजरेच्या टप्प्यात, मोकळ्या जागी व्हावे.

*तपासणी:* दम्याचा फवारा किंवा ॲलर्जीचे तातडीचे इंजेक्शन लागणाऱ्या मुलाजवळ एक आणि प्रौढाजवळ एक, असे दोन संच आहेत का? त्यांची मुदत उलटलेली नाही ना?

टप्पा ३: मार्ग, वेळ आणि परतीची वेळ

निवडलेल्या मार्गावर किमान एका प्रौढाने त्याच ऋतूत आधी जाऊन यावे. उन्हाळ्यात पाहिलेला ओढा पावसाळ्यात ओलांडता येत नाही आणि हिवाळ्यात भरलेला पाणवठा उन्हाळ्यात कोरडा असू शकतो. या पाहणीत चार गोष्टी टिपाव्यात: पाणी कुठे मिळते, सावली कुठे आहे, मधूनच बाहेर पडण्याच्या वाटा कोणत्या, आणि मोबाईलला कोणत्या ठिकाणी संपर्क मिळतो.

चालण्याच्या वेळेचा हिशेब मनाने करू नये. विल्यम नाइस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: सपाटीच्या प्रत्येक ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या प्रत्येक ६०० मीटरला आणखी एक तास. हा हिशेब सराव असलेल्या प्रौढाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. पाठीवर ओझे असलेल्या, नवख्या मुलांच्या गटासाठी आलेल्या वेळेत निम्म्याने भर घालावी. म्हणजे ८ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर ठोकताळ्याने सुमारे २ तास ३६ मिनिटे येतात, पण आखणीत जवळजवळ ४ तास धरावेत आणि जेवणाचा वेळ त्याशिवाय मोजावा. एवढे करून मुक्कामावर सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोहोचणे जमत नसेल, तर मार्ग छोटा करावा. भल्या पहाटे निघून वेळ भरून काढण्याचा विचार करू नये. या वयात झोप उशिरा येण्याकडे शरीराचाच कल असतो आणि ८ ते १० तास झोपेची गरज असते. अर्धवट झोपेतून उठवलेली मुले दुपारच्या उतारावर ठेचकाळतात.

परतीची वेळ निघण्यापूर्वीच जाहीर करावी. उदाहरणार्थ, ‘दुपारी एक वाजता आपण जिथे असू तिथून मागे फिरू, माथा दहा मिनिटांवर असला तरी.’ ही वेळ पाळताना प्रौढाची जेवढी कसोटी लागते तेवढी मुलांची लागत नाही, कारण मुलांना माथा दाखवण्याची हौस बहुतेक वेळा प्रौढालाच असते. परंतु माथ्याजवळून मागे वळणारा प्रौढ जे शिकवून जातो ते मुले विसरत नाहीत.

आव्हान किती असावे याचा ढोबळ निकष असा: मुलाने आधी एकदा मदतीने केलेली गोष्ट तो आता मदतीवाचून करील, किंवा ओळखीची गोष्ट अनोळखी जागी करील. गोष्टही नवी, जागाही नवी आणि मदतही नाही, असे तिन्ही एकत्र येऊ देऊ नये.

टप्पा ४: सोबतचे प्रौढ आणि त्यांनी पाळायचे नियम

प्रौढ दोनपेक्षा कमी नसावेत, गट किती का लहान असेना. एक जखमी झाला तर दुसरा गट सांभाळतो, हे एक कारण. आणि कोणताही प्रौढ कोणत्याही मुलाबरोबर इतरांच्या नजरेआड एकटा राहू नये, हे दुसरे. प्रौढांचे आणि मुलांचे झोपण्याचे तंबू वेगळे असावेत. कपडे बदलणे आणि शौचास जाणे यासंबंधीचा खासगीपणा प्रौढांनी आणि मुलांनी एकमेकांचा पाळावा, यावरून चेष्टा होऊ देऊ नये आणि आक्षेपार्ह काही घडल्यास मुलाने कोणाला सांगायचे ते आधीच स्पष्ट करावे. हे नियम पालकांच्या आणि मुलांच्या समोर मोठ्याने वाचून दाखवावेत. ‘आपण सगळे ओळखीचेच आहोत’ असे म्हणून ते टाळणाऱ्या गटाबरोबर मुलाला पाठवू नये.

प्रौढांपैकी एकाने प्रथमोपचाराचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेले असावे. पेटी जवळ असणे आणि ती वापरता येणे यांत फरक आहे. मार्ग, मुक्कामाची जागा, सर्वांची नावे आणि परतण्याची वेळ लिहिलेला कागद मागे राहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावा आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर तिने कोणाला फोन करायचा हेही त्यावर लिहावे.

*इशारा:* प्रौढांपैकी अंतिम निर्णय कोणाचा, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. ऐन वादळात दोन प्रौढ हुज्जत घालू लागले तर मुले आपापल्या मनाने वागू लागतात.

टप्पा ५: साहित्य आणि अंगणातला सराव

मुलाच्या सॅकचे वजन सुरुवातीला त्याच्या शरीराच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत ठेवावे. ५० किलोच्या मुलासाठी हे ५ ते साडेसात किलो होते आणि त्यात पाणीही आले. सॅक मुलाने स्वतः भरावी. प्रौढाने शेजारी बसून फक्त प्रश्न विचारावेत: पाऊस आला तर पहिली वस्तू कोणती काढशील, ती कुठे आहे, आणि ती काढायला बाकीचे सगळे बाहेर काढावे लागेल का? मुलाला बॅटरी तळाशी गेल्याचे लक्षात येते, तो न बोलता सॅक पुन्हा रिकामी करतो आणि या खेपेला बॅटरी वरच्या कप्प्यात टाकतो. ही दहा मिनिटे वाचवण्यासाठी प्रौढाने स्वतः सॅक भरून दिली तर रानात अंधार पडल्यावर तेच काम त्यालाच करावे लागते.

प्रत्येकाजवळ स्वतंत्रपणे असायलाच हव्यात अशा वस्तू थोड्या आहेत: पाणी, थोडे खाणे, पावसाचा कोट, एक उबदार थर, डोक्याला लावायची बॅटरी, शिट्टी आणि कोरडे मोजे. सुती कपडे भिजले की ऊब धरत नाहीत आणि लवकर वाळत नाहीत, म्हणून थंडीत आणि पावसात ते अंगालगत नकोत. बूट नवे असतील तर ते किमान दोन आठवडे रोज वापरलेले असावेत.

यानंतर रानाआधीची एक रात्र घराच्या अंगणात, गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानात काढावी. तंबू एकदा उजेडात आणि एकदा अंधारात उभारायला लावावा, चूल किंवा स्टोव्ह पेटवून एक वेळचे जेवण तयार करायला लावावे, आणि सकाळी सगळे आवरून पुन्हा सॅकमध्ये बसवायला लावावे. तंबूचा एक खांब विसरला आहे हे अंगणात कळले तर हसू येते. या सरावाला मुले कंटाळतात आणि पालक त्याला पोरखेळ समजतात, तरीही तो गाळू नये. दोन मुलांचे एकमेकांशी पटणार नाही हेही पुष्कळदा याच रात्री कळते.

*तपासणी:* शिट्टीचा संकेत सर्वांना येतो का? मदतीची हाक म्हणजे एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच. उत्तर म्हणजे मिनिटात तीन वेळा. एकेका मुलाला वाजवून दाखवायला लावावे.

टप्पा ६: प्रत्यक्ष रानात जबाबदारी सोपवणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

निघण्यापूर्वी प्रौढांनी आपापसांत दोन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत ज्या चुका होऊ द्यायच्या त्या: पाच-दहा मिनिटांची चुकलेली वाट, सैल राहिलेला तंबू, करपलेले जेवण, मागे राहिलेली गादी, उशिरा झालेली आवराआवर. दुसऱ्या यादीत ज्या चुका कधीही होऊ द्यायच्या नाहीत त्या: कड्याची कडा, वाहते पाणी, वीज, आग, उष्माघात, थंडीने गारठणे, अंधारात वेगळे पडणे. पहिल्या यादीतली चूक होताना दिसली तर हात पाठीमागे बांधून उभे राहावे. दुसऱ्या यादीतली दिसली तर चर्चा न करता, आवाज न चढवता, ताबडतोब थांबवावे. घोळ होतो तो या दोन्ही याद्या एकमेकींत मिसळल्यामुळे. मुलाने गाठ चुकीची मारली की प्रौढ धावून जातो, आणि मुले ओढ्यात उतरतात तेव्हा मात्र ‘करू द्या, शिकतील’ म्हणतो.

सोपवण्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम प्रौढाने करून दाखवावे आणि करताना आपण काय पाहतो आहोत ते बोलून दाखवावे: ‘नकाशावर समोच्च रेषा इथे जवळ-जवळ आल्या आहेत, म्हणजे पुढे खडा चढ आहे, उजवीकडे ओढा हवा, तो ऐकू येतो का?’ त्यानंतर मुलाने करावे आणि प्रौढाने शेजारी उभे राहावे. त्यानंतर मुलाने करावे आणि प्रौढाने गटाच्या शेवटी चालावे. शेवटच्या पायरीवर प्रौढाने विचारल्याशिवाय बोलायचे नाही, आणि मुलाने विचारले तरी पहिले उत्तर ‘तुला काय वाटते?’ हे असावे. मात्र हाच प्रश्न तीनदा उलटा फेकून मुलाला जेरीस आणू नये. दुसऱ्यांदा विचारले की सरळ माहिती द्यावी.

वाट दाखवणारा मुलगा फाट्यावर चुकीकडे वळला तर काय करावे? मागच्या प्रौढाने आपल्याजवळच्या नकाशावर ही वाट सुरक्षित आहे ना, एवढे पाहावे आणि चालत राहावे. थोड्या वेळाने तो मुलगा मान वर करून डोंगराकडे पाहतो, नकाशा उलटसुलट करतो, त्याचा वेग मंदावतो. मागून कोणीतरी ‘अरे, चुकलास ना?’ म्हणून ओरडते. इथे प्रौढाने फक्त ओरडणाऱ्याला गप्प करावे आणि वाट दाखवणाऱ्याला वेळ द्यावा. तो थांबून ‘आपण मागच्या फाट्यापर्यंत परत जाऊ’ असे स्वतः म्हणेल, तेव्हा पहिल्या टप्प्यात लिहिलेले वाक्य निम्मे साधलेले असते. त्यावर भाषण देण्याची गरज नाही. ‘ठीक, तू पुढे हो’ एवढे पुरे.

जबाबदाऱ्या फिरत्या ठेवाव्यात आणि त्या केवळ शारीरिक नसाव्यात. वाट दाखवणे, सर्वांत शेवटी चालणे, पाण्याचा हिशेब, दर तासाला पायांची विचारपूस, स्वयंपाक, कचरा परत नेणे, दिवसाची नोंद: यांतली शेवटी चालण्याची जबाबदारी गटातल्या सर्वांत वेगवान मुलाला द्यावी. त्याला ती आवडणार नाही, पण पुढे पळत राहण्यातून त्याला जे कधी दिसले नसते ते मागून दिसते.

मित्र पाहत असले की या वयात धोका पत्करण्याची प्रवृत्ती वाढते, ही गोष्ट प्रत्येक अवघड जागी ध्यानात ठेवावी. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात किशोरवयीन खेळाडूंनी एकटे असतानापेक्षा मित्रांच्या देखत बराच जास्त धोका पत्करला; मोठ्या वयाच्या प्रौढांत तसा फरक पडला नाही. म्हणून कातळ उतरण्याच्या किंवा पाणी ओलांडण्याच्या जागी बाकीच्या मुलांना प्रेक्षक करून समोर बसवू नये, मोबाईलने चित्रण करू देऊ नये, आणि पार झालेल्यांना पुढे एखादे काम द्यावे. ‘मला इथून जायचे नाही’ असे म्हणणाऱ्याला दुसरी वाट किंवा दुसरे काम तयार असावे, आणि ते कमी प्रतीचे आहे असे कोणाच्या स्वरातूनही जाणवू नये.

*तपासणी:* दर तासाला थांबून सर्वांना बूट सैल करायला लावावे. पायाला एखाद्या जागी चुरचुरत असेल तर त्याच क्षणी तिथे चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा फारसा उपयोग होत नाही. मुले हे सांगायला लाजतात, म्हणून ‘कोणाचे पाय दुखत आहेत?’ असे न विचारता सर्वांचेच पाय पाहावेत.

टप्पा ७: जिथे निर्णय प्रौढाचाच असतो

या टप्प्यात मुलांचा सल्ला घ्यायचा नसतो. नियम मात्र आधी समजावून सांगितलेले असावेत, म्हणजे ऐनवेळी ‘का?’ असा प्रश्न येत नाही.

वीज: चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. माथा, डोंगराची सोंड, एकटे झाड आणि पाणी सोडून खाली यावे, विखरून थांबावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटे जाईपर्यंत पुढे निघू नये. तंबूत वीजेपासून संरक्षण मिळत नाही.

वाहते पाणी: गुडघ्याच्या वर आणि वेगाने वाहणारे पाणी ओलांडू नये. गढूळ झालेले, चढत चाललेले किंवा ओंडके वाहून आणणारे पाणी उथळ दिसले तरी ओलांडू नये. उथळ पाणी ओलांडतानाही सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास सॅक टाकून देता येते. अनोळखी डोहात सूर मारण्यास सक्त मनाई असावी; तळाचा दगड वरून दिसत नाही.

उष्णता: बेताच्या हवेत चालताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते, उन्हात त्याहून अधिक. नुसते पाणी ढोसत राहण्याऐवजी सोबत खारट खाणेही द्यावे. मुलगा असंबद्ध बोलू लागला, चिडचिडा झाला किंवा लटपटू लागला आणि अंग तापलेले असेल तर तो उष्माघात समजावा, घाम येत असला तरी. सावलीत नेऊन, कपडे सैल करून, मिळेल त्या पाण्याने अंग भिजवून वारा घालावा. आधी थंड करावे, मग हलवावे, आणि मदत ताबडतोब बोलवावी.

थंडी: कुडकुडणारा मुलगा अडखळू लागला, शब्द जड येऊ लागले, किंवा कुडकुडणे थांबूनही तो गप्प आणि सुस्त झाला, तर पुढची वाटचाल रद्द. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, जमिनीपासून अंतर राहील असे काहीतरी खाली अंथरावे, आणि तो पूर्ण शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तरच गोड, कोमट पेय द्यावे.

साप चावल्यास: अवयव हलू देऊ नये, अंगठी आणि घड्याळ काढावे, मुलाला चालवू नये आणि लवकरात लवकर रुग्णालयात पोहोचवावे. चिरा देणे, रक्त चोखणे आणि करकचून दोरी बांधणे या तिन्ही गोष्टींनी नुकसानच होते.

*इशारा:* पिण्याचे पाणी खळखळ उकळू लागल्यावर एक मिनिट, आणि २,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर तीन मिनिटे उकळलेले असावे. शौचासाठी पाण्यापासून सुमारे ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो नंतर बुजवावा. हे मुलांना पहिल्याच संध्याकाळी दाखवावे. संकोचाने दिवसभर थांबून राहणारी मुले आजारी पडतात.

टप्पा ८: एकांताची बैठक

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, मुले रानाला सरावली असतील तर, प्रत्येकाला एक-दोन तास एकट्याने एका ठरलेल्या जागी बसायला द्यावे. ही वेळ दिवसाची असावी, जागा प्रौढाने स्वतः तपासलेली असावी, शिट्टी ऐकू येईल इतक्या अंतरावर असावी आणि मुलाने ती सोडून हलायचे नाही हा नियम असावा. सोबत पाणी, पावसाचा कोट, वही आणि पेन द्यावे, मोबाईल देऊ नये. काय लिहायचे ते सांगू नये. पहिला अर्धा तास बहुतेक मुले काड्या मोडत, दगड रचत बसतात. त्यात गैर काही नाही. वहीत लिहिलेले कोणीही वाचणार नाही हे वचन द्यावे आणि पाळावे. रात्रीचा एकांत पहिल्या उपक्रमात ठेवू नये, आणि अलीकडे घरी एखादे दुःख घडलेल्या किंवा फार उदास दिसणाऱ्या मुलाला हा टप्पा देऊच नये.

टप्पा ९: त्याच संध्याकाळचे बोलणे आणि परतल्यानंतरचे काम

दिवसाचा आढावा जेवल्यानंतर, झोप येण्यापूर्वी आणि अर्ध्या तासाच्या आत संपेल असा घ्यावा. प्रश्न तीन पुरेत: आज काय घडले, त्यातून काय कळले, आणि उद्या काय वेगळे करायचे. पहिल्या प्रश्नाला घाईने ओलांडू नये. मुलांनी घटना आपल्या क्रमाने सांगितली की वाद, रुसवे आणि चुका आपोआप वर येतात. प्रौढाने लगेच ‘मग यातून आपण काय शिकलो?’ असे विचारले की मुले प्रौढाला हवे ते उत्तर देऊन मोकळी होतात. गोल करून सर्वांना आळीपाळीने बोलायला लावणे काही मुलांना जाचक वाटते. अशी मुले भांडी घासताना किंवा वाटेने शेजारी चालताना, म्हणजे समोरासमोर नजर नसताना, जास्त मोकळेपणाने बोलतात.

कौतुक नेमके असावे. ‘शाब्बास, वाघ आहेस!’ यापेक्षा ‘फाट्यावर तू थांबून परत फिरायचे ठरवलेस, त्यामुळे आपला एक तास वाचला’ हे मुलाच्या जास्त उपयोगाचे असते, कारण पुढच्या वेळी पुन्हा काय करायचे ते त्यातून त्याला कळते. इतर मुलाशी तुलना तर मुळीच करू नये.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तंबू आणि सॅक मुलांकडून वाळवून, झाडून जागेवर ठेवून घ्यावेत. ओला गुंडाळलेला तंबू थोड्याच दिवसांत बुरशी धरतो. त्यानंतर आठवड्याभरात घरातली एखादी खरी जबाबदारी मुलाकडे कायमची द्यावी, आणि ती रानात त्याने केलेल्या कामाच्या जातीची असावी. वाट दाखवणाऱ्याने पुढच्या प्रवासाची आखणी करावी, स्वयंपाक केलेल्याने आठवड्यातून एक वेळचे जेवण सांभाळावे. पालक इथे हटकून मागे सरतात: रानात तीन दिवस नकाशा सांभाळलेल्या मुलाला घरी आल्यावर दप्तर भरले का, असे विचारले जाते, आणि मुलगा पुन्हा विचारले जाण्याची वाट पाहू लागतो.

पुढच्या उपक्रमात तीच जबाबदारी त्याच मुलाला थोड्या अवघड जागी पुन्हा द्यावी. एकदा जमले ते पुन्हा जमते की नाही, हे दुसऱ्या खेपेला कळते. आणि एखादा मुलगा ‘मला परत यायचे नाही’ म्हणाला तर मन वळवायला बसू नये. नेमके काय नकोसे झाले ते विचारावे. उत्तर ‘चालणे’ असे क्वचित येते. बहुधा ते एखाद्या सोबत्याचे वागणे, झोप न लागणे किंवा शौचाची लाज असे असते, आणि त्यातले जे आपल्या हातात आहे ते पुढच्या आखणीच्या कागदावर, पहिल्या टप्प्यातल्या वाक्याच्याही वर लिहून ठेवावे.